कॉमा आणि साखरपुडा

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या. मधे हसलात की माझी लिंक तुटते, मग परत पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि हा किस्सा परत पहिल्यापासून सांगायची माझी छाती नाही! चहा मिळाला ना सगळ्यांना? मग ऐका, टिकलीएवढ्या एका कॉमाने मला कसं भर गिरगावात लोळवलं ते.

आमच्या मंदारचं लग्न ठरलं. मुलगी रेवा, गिरगावातली. गोड पोरगी. पहिल्याच भेटीत म्हणाली, "काकू, तुमच्या हातचे मासे मिळणार असतील तर मी लग्नाआधीच राहायला येते." झालं! माझ्यासाठी विषय तिथेच संपला. आम्ही मालवणी, लालबागचे. मी जन्मले एका चाळीत आणि लग्न होऊन आले समोरच्या चाळीत, म्हणजे माझी वरात रस्ता ओलांडण्यातच संपली होती. रेवाकडचे पिढ्यान्पिढ्या मुंबईचे, वकील-डॉक्टरांचं घर. पण मासे त्यांच्याकडेही दणकून. तेव्हा जुळलं.

गोची होती ती रेवाच्या आईची. नयनाताई. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. बाई स्वभावाने मऊ, आवाज तर इतका हळू की आमच्या चाळीत त्यांना स्वतःचाच ऐकू आला नसता. पण त्यांच्यासमोर बसलं की मला उगाच वाटायचं, आपला गृहपाठ राहिलाय.

आणि त्यात तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप! रेवाचे काका कॅनडात, आत्या बॉस्टनला, त्यांच्या मुलांना मराठी वाचता येत नाही. म्हणून ग्रुपवर सगळा कारभार इंग्रजीत. आता माझं शिक्षण मराठी शाळेतलं. इंग्रजी कळतं सगळं, बोलायची वेळ आली की मात्र जीभ टाळ्याला चिकटते. पण मुलाची आई गप्प कशी बसणार? मी पहिल्याच दिवशी धाडस केलं. लिहिलं, 'वी आर सिंपल हॅपी फॅमिली.'

सगळ्यांनी हार्ट टाकले. आणि नयनाताईंनी काय टाकलं? एक चांदणी, चूक सुधारताना टाकतात ती, आणि तिच्यापुढे, 'सिंपल, हॅपी'.

बस्स. एवढंच. एक कॉमा.

तुम्ही म्हणाल, मग त्यात काय? अहो, माझ्या जिवाला घोर लागला! भाजी चिरताना कॉमा, कपडे वाळत घालताना कॉमा. तिथे तो हवा होता तर मला कसा दिसला नाही? आणि नयनाताईंना तो ताबडतोब कसा दिसला? मी ह्यांना विचारलं. हे पोस्टातून रिटायर झालेले. म्हणाले, "गो, कॉमाच तो. मुंगी समज नि सोडून दी."

सोडून देईन तर मी कसली! मी गेले वैशालीकडे. वैशाली आमच्याच मजल्यावर, मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते.

"सोप्पं आहे गं," ती म्हणाली. "नावाच्या आधी दोन विशेषणं आली ना, की दोन गोष्टी करून बघायच्या. मधे 'अँड' घालायचा, आणि शब्दांची अदलाबदल करायची. दोन्ही करून कानाला बरं वाटलं तर कॉमा द्यायचा. नाही वाटलं तर नाही द्यायचा."

"म्हणजे कसं?"

"लाँग, बोरिंग लेक्चर. उलटं कर. बोरिंग, लाँग लेक्चर. चाललं ना? मग कॉमा. आता बिग रेड बस. उलटं कर. रेड बिग बस. कसं वाटतं?"

"अंगात उलटा ब्लाऊज घातल्यासारखं."

"मग तिथे कॉमा नाही!"

अहो, एवढं सोपं? मला काय वाटलं सांगू, जणू इंग्रजांनी जाताना सोबत नेलेली किल्ली वैशालीने मला परत आणून दिली. त्या दिवसापासून मी सुटले! जे दिसेल त्याला दोन विशेषणं लावायची आणि उलटंपालटं करायचं. मसाला गल्लीत मिरची घ्यायला गेले तर दुकानदारासमोर उभी राहून पुटपुटतेय, "ड्राय, रेड चिली... रेड, ड्राय चिली... नाही, ड्राय रेड..." तो बिचारा तराजू धरून ताटकळलेला. शेवटी म्हणाला, "ताई, ठरवा काय ते, मागे रांग लागलीये."

साखरपुडा रविवारी होता, दादरला एका छोट्या हॉलमध्ये. आणि त्याच आठवड्यात एका संध्याकाळी रेवाच्या बाबांनी ग्रुपवर फोटो टाकला. तिच्या आजीचा.

आता ही आजी म्हणजे नयनाताईंच्या सासूबाई. त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. नव्वदीकडे झुकलेल्या, पण काय सांगू! साखरपुड्याला नेसायचं म्हणून जांभळं पातळ नेसून बघितलेलं, गळ्यात मोत्यांची माळ, अंबाड्यावर गजरा, आणि मान अशी ताठ की फोटो काढणाऱ्यानेच नमस्कार करावा. खाली धडाधड मेसेज. कॅनडावाल्यांचं 'गॉर्जस'. बॉस्टनवाल्यांचं 'स्टनिंग'. कुणाचं 'ब्यूटिफुल'.

आणि मुलाची आई काय म्हणते? सगळा ग्रुप वाट बघतोय असं मला वाटलं. म्हणजे कोणी बघत नव्हतं हो, पण मला वाटलं ना!

मला म्हणायचं होतं, काय सुंदर आजी आहेत. सुंदर म्हणजे प्रिटी. आजी म्हणजे ओल्ड लेडी. दोन विशेषणं! माझे हात शिवशिवायला लागले. लावला नियम. उलटं केलं, ओल्ड प्रिटी लेडी. छे! उलटा ब्लाऊज. मधे अँड घातला, प्रिटी अँड ओल्ड लेडी. शी, हे तर टोमणा मारल्यासारखं वाटतं. म्हणजे कॉमा नाही! पक्कं!

आणि मी लिहिलं, 'शी इज अ प्रिटी ओल्ड लेडी.'

पाठवलं आणि छाती फुगवून खिडकीत उभी राहिले. आता येऊ दे म्हटलं ती चांदणी. कुठे लावताय बघतेच!

चांदणी आली नाही. कॅनडाच्या काकांच्या मुलाचे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे आले, ओळीने. मला वाटलं, पोराला आजीचं कौतुक ऐकून भरून आलं. मी त्याला नमस्कार पाठवला.

पाचव्या मिनिटाला मंदारचा ऑफिसातून फोन.

"आई! काय लिहिलंयस तू?"

"का रे? कॉमा नकोच होता तिथे. वैशालीचा नियम आहे."

"कॉमा गेला खड्ड्यात! अगं, 'प्रिटी ओल्ड' म्हणजे माहितीये काय? बऱ्यापैकी म्हातारी! चांगलीच म्हातारी! तू रेवाच्या घरच्यांना कळवलंयस, की तुमची आजी ही एक चांगलीच म्हातारी बाई आहे!"

मी खिडकी लावून घेतली.

"पण प्रिटी म्हणजे सुंदर ना रे?"

"कधी कधी."

"कधी कधी म्हणजे? शब्द आहे का टॅक्सीवाला? मनात असेल तर येणार, नसेल तर नाही?"

"मधे कॉमा असता तरी एक वेळ निभावलं असतं! आई, प्लीज. आता काहीही करू नकोस. फोन खाली ठेव. मी घरी आलो की बघतो."

फोन खाली ठेव! तुम्ही ठेवला असता? खरं सांगा! फोन मी टेबलावर ठेवला, उचलला, फ्रिजवर ठेवला, उचलला. चहा टाकला आणि त्यात मीठ घातलं. ग्रुप उघडून बघितला, तर सगळ्यांनी वाचलेलं, आणि सगळे गप्प. 'नयना टायपिंग' असं दिसायचं आणि जायचं. दिसायचं आणि जायचं. अहो, डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन बोलत नाहीत ना, तसं झालं मला!

मी म्हटलं, आपणच पुढे होऊन खुलासा करायचा. काय खुलासा? की मला 'प्रिटी ओल्ड' म्हणायचं नव्हतं. सोप्पं आहे. 'नॉट प्रिटी ओल्ड.' पण थांबा! मंदार आत्ताच म्हणाला ना, मधे कॉमा असता तर निभावलं असतं? मग एकदा केलेली चूक परत कशी करणार? दिला कॉमा. आणि शेवटी आपलं माणुसकीला धरून सॉरी.

'नॉट प्रिटी, ओल्ड. सॉरी.'

पाठवलं. ह्यांना दाखवलं. ह्यांनी चष्मा लावला, पोस्टात तार वाचायचे तसं एकेक शब्द करून वाचलं, आणि मराठीत मोठ्याने म्हणाले, "सुंदर नाही. म्हातारी. सॉरी."

ह्यांनी चष्मा उतरवला.

"काय ता लिवलंस गो?" हे म्हणाले. "तुका कोणी सांगितल्यान इंग्लिशात लिवूक?"

मी फोन ओढून घेतला. डिलीट! डिलीट!  दोन पर्याय आले, मी त्यातला एक दाबला, आणि मेसेज गायब. हुश्श! गेला एकदाचा. मी पदराने घाम पुसला, आणि वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून ग्रुपवर एक गुलाबाचं फूल टाकलं.

लगेच मंदारचा फोन. "आई, फूल कशाला टाकलंस?"

"का रे? तो मेसेज मी काढला ना."

"तू फक्त तुझ्यापुरता काढलास! बाकी सगळ्यांना तो दिसतोय! 'सुंदर नाही, म्हातारी, सॉरी', आणि त्याच्याखाली गुलाब!"

त्या दिवशी आमच्याकडे कोणी नीट जेवलं नाही. मंदार घरी आला, रेवाला फोन लावत राहिला. ती ट्रेनिंगला पुण्याला गेलेली, दिवसभर फोन बंद. नयनाताईंना फोन लावायची आमच्यात कोणाची टाप नव्हती.

सकाळी मी ठरवलं. मेसेज नको, फोन नको, सरळ जाऊन आजींचे पाय धरायचे. रिकाम्या हाताने कशी जाऊ? बाजारातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आणल्या, सुकं केलं, डबा भरला. हे म्हणत होते, "गप घरात रव. जितक्या ढवळशीत तितक्या वर येतला." पण मी ऐकते का? खाली उतरले, टॅक्सी केली.

टॅक्सीत माझी रिहर्सल सुरू. "आजी, मी तुमच्या पाया पडते, मला माफ करा. माझ्या मनात तसं काही नव्हतं." सिग्नलला टॅक्सी थांबली. टॅक्सीवाल्याने मागे वळून बघितलं. "मॅडम, मेरे से कुछ बोला?" मी म्हटलं, "नहीं भैया, आप चलो." पुढच्या सिग्नलला परत, "मला माफ करा हो!" त्याने आरसा फिरवून घेतला आणि उरलेला रस्ता गाडी अशी हळू चालवली, की मला वाटलं उतरून पळत जावं.

दार नयनाताईंनी उघडलं. मला बघून त्यांचे डोळे मोठे झाले. हळूच म्हणाल्या, "शुभांगीताई, बरं झालं आलात. पण आधी जरा इकडे किचनमध्ये..."

"नाही ताई, आधी आजी!"

"अहो, एक मिनिट ऐका तर..."

"मला रात्रभर डोळा नाही ताई! मला बोलू द्या!"

आणि मी त्यांना ओलांडून आत. हॉलमध्ये आजी आरामखुर्चीत बसलेल्या. मला बघून त्यांचा चेहरा असा उजळला! "ये गं मंदारची आई, ये! मी तुझीच..."

मी त्यांना बोलूच दिलं नाही. डब्यासकट पाया पडले.

"आजी, मला माफ करा! मला सुंदर म्हणायचं होतं. पण 'प्रिटी ओल्ड' म्हणजे चांगलीच म्हातारी, हे मला माहीतच नव्हतं. देवाशपथ! कॉमा राहिला आणि अर्थ फिरला. मग मी सुधारायला गेले तर नको तिथे कॉमा पडला आणि झालं, 'सुंदर नाही, म्हातारी'. तो मेसेज मी काढला, पण तो माझ्याच फोनमधून गेला. आणि ते गुलाब, ते तर..."

नयनाताई आजींच्या खुर्चीमागे उभ्या. त्या डोळे मिचकावत होत्या, मान हलवत होत्या, ओठांवर बोट ठेवत होत्या. मला वाटलं, बाईंना गहिवरून आलंय! मी आणखी जोर लावला. दोन विशेषणांचा सगळा नियम समजावून सांगितला. बिग रेड बससकट.

माझं संपलं. आजींनी सावकाश मान वळवली.

"नयना, तू मला काय वाचून दाखवलं होतंस?"

नयनाताईंचा आवाज आणखी हळू झाला. "आई, मी... मी म्हटलं, मंदारची आई म्हणतात, किती सुंदर दिसताय."

"आणि दुसरा?"

"दुसरा... 'तुम्हाला म्हातारं म्हणायचं नाही, सॉरी.'"

कळलं ना तुम्हाला? आजींना डोळ्यांमुळे फोनवरचं काही वाचता येत नाही! सगळे मेसेज नयनाताई वाचून दाखवायच्या, एका शब्दाचे तसेच, बाकीचे मराठीत करून. त्यांनी सगळं मस्त निभावून नेलेलं! आजी कालपासून खूश होत्या. शेजारीपाजारी सांगून झालं होतं, दादरच्या नणंदेला फोन करून झाला होता, की व्याह्यांकडची बाई मला सुंदर म्हणाली म्हणून. ग्रुपवर गप्प बसायचं नयनाताईंनीच सगळ्यांना स्वतंत्र कळवलं होतं. विषय संपला होता हो! कायमचा संपला होता! आणि मी पदरचे पैसे खर्चून, टॅक्सी करून, खास लालबागहून आले आणि आजींना समोर बसवून सांगितलं, की बाई, तुम्ही सुंदर नाही, तुम्ही म्हाताऱ्या.

आजींनी पदर सारखा केला. मग एकदम म्हणाल्या, "गॉर्जस लिहिलं होतं ना कुणीतरी? त्याचाही दुसरा काही अर्थ असतो का?"

आता इथे तरी मी गप्प बसावं की नाही? पण मला खोटं बोलायची भीती बसलेली.

"तसं नक्की माहीत नाही आजी. पण गॉर्ज म्हणजे दरी. मंदारच्या भूगोलात होतं."

आजींचा हात हळूच स्वतःच्या गालावर गेला. सुरकुत्यांवरून फिरला. "दऱ्या," त्या म्हणाल्या. "बरं. आणि स्टनिंग?"

"स्टन म्हणजे... धक्का बसणं."

नयनाताईंनी कपाळावर हात मारला. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाई, पण असा वर्ग त्यांना मिळाला नसेल.

"नयना," आजी म्हणाल्या, "ते जांभळं पातळ परत कपाटात ठेव. मी येत नाही रविवारी. सगळ्यांना धक्के कशाला?"

आणि त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

मी डबा तिथेच ठेवून जिन्यात आले आणि पायरीवर बसून रडले. हसू नका! खरंच रडले. आजी नाही आल्या तर रेवाच्या बाबांचा पाय निघणार नाही, म्हणजे साखरपुडा लांबला. का लांबला, तर मुलाच्या आईने मुलीच्या आजीला म्हातारी म्हटलं म्हणून. लोक काय म्हणतील? मंदार माझं तोंड बघेल का?

नयनाताई मागोमाग आल्या आणि माझ्या शेजारी पायरीवरच बसल्या. कडक इस्त्रीची साडी, तशीच बसल्या.

"चूक माझी आहे, शुभांगीताई."

"तुमची कशी?"

"ती चांदणी. तुम्ही किती मनापासून लिहिलं होतंत, आम्ही साधी आनंदी माणसं. आणि मी लाल पेन घेऊन बसले. सवय हो. घरातले सगळे माझ्याशी जपून लिहितात. रेवा तर मला नुसते अंगठे पाठवते." जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला तो फोटो बघून नेमकं काय वाटलं होतं?"

काय वाटलं होतं? कॉमाच्या नादात ते मी विसरूनच गेले होते.

मी उठले. डोळे पुसले. परत आत गेले आणि आजींसमोर खाली जमिनीवर बसले.

"आजी, मी मराठीत सांगते. तुमचा फोटो आला ना, तेव्हा मी मोठा करून करून बघितला. मला भीती वाटते हो म्हातारपणाची. गुडघे धरलेत, केस गेले, आता सासू होणार. आणि तुम्हाला बघितलं, ती मान, तो गजरा, आणि मला वाटलं, असं म्हातारं व्हायचं असेल तर माझी ना नाही. एवढंच लिहायचं होतं."

आजी खिडकीबाहेरच बघत होत्या. मग म्हणाल्या, "मग हे लिहायला काय धाड भरली होती?"

"इंग्रजीत येत नव्हतं."

"तर गप्प बसायचं!" आणि मग, "डब्यात काय आणलंयस?"

"तिसऱ्यांचं सुकं."

"नारळ सढळ आहे ना?"

"आहे."

"नयना, पोळी आण." दोन घास खाऊन झाल्यावर त्यांनी हुकूम सोडला, "येते मी रविवारी. पण हे जे आत्ता बोललीस ना, ते तिथे सगळ्यांसमोर बोलायचं. माझ्या नणंदेसमोर. आणि मराठीत!"

अहो, मी हवेत! मराठीत म्हणजे आपलं घर, आपलं मैदान. तिथे मला कोण हरवणार? रविवारपर्यंत मी मनात दहा वेळा भाषण केलं. कॉमा नाही, अँड नाही, उलटंपालटं नाही.

रविवार उजाडला. दादरचा हॉल भरलेला. अंगठ्या घालून झाल्या, पेढे वाटून झाले. आजी जांभळ्या पातळात पहिल्या रांगेत, शेजारी त्यांच्या नणंदबाई. आजींनी मला भुवईने खूण केली. मी माइक घेतला. आणि काय सांगू तुम्हाला, मी जे बोलले! म्हातारपणाची भीती बोलले, फोटो बोलले, ती ताठ मान बोलले. लोक गप्प होऊन ऐकतायत. नणंदबाई डोळ्यांना रुमाल लावतायत. नयनाताई चक्क मान डोलावतायत. आता तिथेच माइक खाली ठेवायला हवा होता ना? पण टाळ्या पडायला लागल्या की माणसाचं काय होतं, तुम्हाला माहितीये. मला वाटलं, शेवट जरा खणखणीत व्हायला पाहिजे.

मी आजींकडे हात केला आणि म्हटलं, "आजी, आज तुम्ही इतक्या सुंदर दिसताय, की या हॉलमध्ये शिरल्यापासून दुसऱ्या कुणाकडे माझं लक्षच गेलं नाही! साखरपुडा नक्की कुणाचा आहे, तेच मला कळेना!"

हॉल हसून कोसळला. आजी लाजल्या. टाळ्यांवर टाळ्या! मी विजयी मुद्रेने वळले.

मागे रेवा उभी. सकाळी सहापासून दादरच्या पार्लरमध्ये बसलेली रेवा. नथ, शालू, केसांत फुलांची जाळी, आणि पडलेला चेहरा.

"दुसऱ्या कुणाकडेच नाही का, काकू?" ती म्हणाली.

मी परत माइक तोंडाशी नेला. मंदार माझ्याजवळ आला, माझ्या हातातून माइक अलगद काढून घेतला, आणि कानाशी वाकून म्हणाला, "आई, मी तुझ्या पाया पडतो. तू आपली इंग्रजीतच बोलत जा."